दोन अंश कमी

“आम्हीपण दोन कमीच ठेवतो की, साहेब. तुम्हीच तर सांगितलं होतं,” ज्याला सगळे चष्मा म्हणतात तो ऑपरेटर म्हणाला आणि माझ्याच टेबलावरचं माझं पेन उचलून त्याच्या टोपणाने कान कोरायला लागला. एरवी मी त्याला तिथल्या तिथे झापलं असतं. काल दुपारी आमच्या कारखान्यातला तीन नंबरचा रिॲक्टर तापत तापत हाताबाहेर गेला होता, आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर, ज्याला लहानथोर सगळेच मामा म्हणतात, दोन्ही हात भाजून हॉस्पिटलात पडला होता, आणि हा दुसरा ऑपरेटर माझ्यासमोर बसून निवांत कान कोरत होता.   “कशापेक्षा दोन कमी?” एवढंच आज मी कसंबसं विचारलं. “कशापेक्षा म्हणजे? आधीचा जे चालवत असेल त्यापेक्षा.” “कागदावर पस्तीस छापलंय ना रे?” “छापलंय हो. पण छापलेलं वेगळं आणि साहेबांचं वेगळं. माझ्या आधीचा एकोणतीसवर चालवत होता. जाताना म्हणाला, साहेबांचं सांगणं आहे, दोन अंश कमी ठेवायचं. मी सत्तावीस केलं. महिन्याने मामांच्या हाती दिलं तेव्हा त्यांना तेच सांगितलं. त्यांनी पंचवीस केलं असणार. बरंच आहे की, साहेब. थंड असलेलं बरं.” मी मान हलवली. का हलवली कोण जाणे. तो पेन जागेवर ठेवून गेला आणि मी त्या पेनाकडे बघत बसलो.

तो गेल्यावर मी पाच महिन्यांचे कागद काढले. तीन नंबरवर दिवसाला एक बॅच आणि महिनाभर एकच माणूस, अशी आमच्याकडची पद्धत. दर अर्ध्या तासाने त्याने तापमान लिहायचं आणि दिवस संपताना त्या कागदाखाली मी, विभागप्रमुखाने, सही करायची. पहिला महिना ज्याला आम्ही पैलवान म्हणतो त्या ऑपरेटरचा: तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस, एखाद्या शहाण्या मुलाच्या गृहपाठासारखं. दुसऱ्या महिन्यात एकतीस. तिसऱ्यात एकोणतीस. चष्म्याचे सत्तावीस. मामांचे पंचवीस, आणि गेल्या बारा दिवसांत तेवीस. प्रत्येकाने आपापली दोन अंशांची काळजी घेतली होती, माझ्या नावाने. हे शेवटचे दोन कुठून आले ते मला कळेना. मामांनी आपल्या मनाने केलं असेल असं वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, जरा हायसं वाटलं. पण प्रत्येक कागदाखाली माझी सही होती, ती लफ्फेदार, जिची मला कॉलेजपासून फुशारकी आहे. न बघता सह्या ठोकल्या असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! मला स्पष्ट आठवत होतं, मी बघायचो. एकतीस बघून बरं वाटायचं. सत्तावीस बघून तर घरी जाताना शीळही घातली असेल. कानात बारीक सूं असा आवाज सुरू झाला. पंख्याचा असेल म्हणून उठून पंखा बंद केला, तरी तो थांबेना.

ज्याला यातलं काही कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. नवीन माणसांना मी हे दरवर्षी सांगतो आणि, हसू नका, चांगलं सांगतो. रिॲक्टर म्हणजे झाकणाचं एक मोठं पातेलंच. त्यात एक द्रावण भरायचं आणि दुसरं वरून सहा तास थेंबाथेंबाने सोडायचं. दोन्ही भेटली की उष्णता बाहेर पडते. पातेल्याला दुहेरी भिंत असते, तिच्यातून गारढोण खारं पाणी फिरतं, ते ही उष्णता घेऊन जातं. आत जेवढी तयार होते तेवढी बाहेर गेली पाहिजे, विषय संपला. गोम एवढीच की आतली उष्णता दर दहा अंशांना दुपटीने वाढत जाते आणि खारं पाणी मात्र आपल्या ठरल्या चालीने चालतं, कारकुनासारखं. म्हणून लोकांना वाटतं, थंड ठेवावं. आणि इथे मी खडू आपटायचो. कारण पस्तीसला पडलेला थेंब पडल्या पडल्या संपतो. पाहुणा आला, जेवला, गेला, घरावर भार नाही. थंडीत मात्र थेंब पडतो आणि नुसता बसून राहतो. काटा छान दिसतो, आणि आत सहा तासांचे पाहुणे उपाशीपोटी दाटीवाटीने बसलेले असतात. मग शेवटी बॅच चाळीसपर्यंत गरम करायची पायरी येते आणि सगळे एकदम ताटावर तुटून पडतात. ‘थंड म्हणजे सुरक्षित नव्हे’ हे वाक्य मी फळ्यावर लिहून पाढ्यासारखं म्हणून घ्यायचो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. हे पक्कं माहीत असलेला त्या रिॲक्टरवर मीच एक होतो. काल मामांनी नेमकं कागदावर लिहिलेलं केलं. थेंब संपले, त्यांनी गरम करायला वाफ सोडली. अठ्ठावीसला काटा आपणहून चढायला लागला. त्यांनी वाफ बंद केली, खारं पाणी पूर्ण सोडलं, तरी चाळीस, पंचावन्न, सत्तर. सगळी बॅच खालच्या पाण्याच्या टाकीत सोडून द्यायचं बटण दाबलं, झडप उघडली नाही. मग मामा खाली उतरले आणि ती हाताने उघडायला लागले. झडपेच्या चाकाजवळच्या सांध्यातून उकळतं द्रावण त्यांच्या हातांवर उडत होतं आणि त्यांनी चाक सोडलं नाही. सोडलं असतं तर आज मी कुठला आणि चष्मा कुठला.

मोठे साहेब आत आले ते अहवाल हातात घेऊनच. मोठे साहेब म्हणजे आमचे कारखाना व्यवस्थापक, वयाने माझ्याहून लहान, पण खुर्ची मोठी. “पंखा का बंद?” म्हणत त्यांनी तो लावला आणि कागद माझ्यासमोर सरकवला. एकच पान होतं, खाली माझ्या सहीची जागा. ‘ऑपरेटरने छापील तापमान न पाळता स्वतःच्या मर्जीने बॅच थंड चालवली, त्यामुळे अपघात घडला.’ मी ते दोनदा वाचलं. “मामांना काढणार?” मी विचारलं. “काढणार नाही तर काय हार घालणार? दीड वर्ष राहिलंय म्हणा त्यांचं, पण नाइलाज आहे. वरच्या कार्यालयाला उद्या कुणाचं तरी नाव हवंय.” “अहो, या सगळ्या कागदांवर माझ्या सह्या आहेत.” “सही केली म्हणजे वाचलं, असं कोण म्हणतं? मीपण तुमच्या अहवालांवर करतोच की!” आणि ते स्वतःच हसले. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, “हे बघा, कागदावर पस्तीस आहे. कुणी तोंडी काही सांगितलं असेल नसेल, ते हवेत गेलं. तुम्ही शहाणे आहात. सकाळपर्यंत सही द्या.” चोर सोडून संन्याशाला सुळी, असं माझ्या मनात आलं आणि लगेच दुसरं आलं, की यातला चोर समोर बसला नाहीये, चोर माझ्याच खुर्चीत बसलाय. मी तो कागद घडी करून पिशवीत घातला. साहेबांना वाटलं, सही होणार. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

हॉस्पिटलात जाऊन मामांना बघून यावं म्हणून निघालो. निघालो म्हणजे पाय निघाले. फाटकाबाहेर रस्ता नेहमीसारखा चालला होता याचाच मला धक्का बसला. एक माणूस काच पुसत होता. एक बाई फोनवर कुणाला तरी “अगं, मग मी काय मेले होते का?” असं विचारत होती. चपलांच्या दुकानात सेल लागला होता. मला वाटत होतं सगळं जरा वाकडं झालेलं दिसेल, निदान खांब तरी. बसमध्ये बसल्यावर शेजारच्या आजी माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या आणि शेवटी म्हणाल्या, “घर पडतंय का कुणाचं?” मला कळेना. त्यांनी माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. पिवळं हेल्मेट तसंच होतं. मी ते काढून मांडीवर घेतलं आणि हसण्याचा प्रयत्न केला, पण तोंड हललं नाही. तळहात बधिर झाले होते. मी एक तळहात बसच्या लोखंडी दांड्यावर ठेवला, तो गार आहे की गरम हेच मला कळेना. तीस वर्षं मी गरम आणि गार यांवर पोट भरतोय आणि माझ्या हाताला आज ते सांगता येत नव्हतं. मी दांडा सोडला, पुन्हा धरला. आजींनी पिशवी जवळ ओढून घेतली.

सव्वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कारखान्यात, मी आणि माझा एक सहकारी एका खोलीत राहायचो. त्याला सगळे उंच्या म्हणायचे. दारातून जाताना तो सवयीने वाकायचा, आणि दार उंच असलं तरी वाकायचा, म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. त्या दिवशी मी काटा वाचून ओरडलो होतो, “त्रेचाळीस!” आणि तो वरून म्हणाला होता, “असू दे रे.” मी जिना उतरून बाहेर आलो. पाचच मिनिटांनी झाकण उडालं. उंच्या वरच होता. तेव्हापासून मला उष्णतेची भीती बसली, आणि भीती म्हणजे विचार नव्हे, ती हाताला असते, मानेला असते. घरी मी गॅसचं बटण तीनदा बघतो. चहा निवून पाणी झाल्याशिवाय मला घशाखाली उतरवता येत नाही. बायको म्हणते, “अरे, हा चहा आहे की सरबत?” मुलगी चार वर्षांची असताना तिला ताप आला, तर मी तिला सरळ गार पाण्याच्या टबात बसवलं. ती निळी पडली, दात वाजायला लागले. डॉक्टरीणबाई माझ्यावर कडाडल्या, “अहो, ताप आहे तो, आग नाही! तुम्ही शिकलेले ना?” शिकलेला होतो हो. शिकलेलं डोक्यात राहतं. त्या वेळी पोरीला उचलून टबात ठेवलं ते हातांनी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो म्हणतात. मी ताक फुंकत नव्हतो, मी ताकाचा बर्फ करत होतो. आणि बायकोने ही गोष्ट मुलीच्या लग्नात सगळ्यांना हसत हसत सांगितली, तेव्हा मीपण हसलो होतो.

पाच महिन्यांपूर्वी पैलवानाच्या पाळीत काटा एकदा सदतीसला टेकला. सदतीस चालतं, कागदावर तसं लिहिलेलं आहे, ते लिहिलं आहे मीच. काटा मिनिटभरात खाली आला. पण माझी मान भिजली होती. मी पैलवानाला म्हणालो, “दोन अंश कमीच धरत जा. आपल्या जिवाला बरं.” तो म्हणाला, “लिहून देता?” मी म्हणालो, “लिहायचं काय त्यात?” लिहायचं होतं, म्हणूनच लिहिलं नाही. छापील तापमान बदलायचं तर प्रयोगशाळेतून तपासून आणावं लागतं, आणि मला ठाऊक होतं की प्रयोगशाळेतली ती चुणचुणीत बाई माझाच तक्ता माझ्यासमोर धरून म्हणाली असती, “सर, थंड म्हणजे सुरक्षित नव्हे.” म्हणून मी तोंडी सांगितलं. पैलवानाने पुढच्याला सांगितलं, ‘साहेबांचं सांगणं आहे.’ पुढच्याने त्याच्या पुढच्याला. एकालाही वाटलं नाही की छापील कागद बघावा आणि विचारावं, साहेब, हे कुठवर न्यायचं? पण त्यांनी का विचारावं? बघायला मी होतो. रोज संध्याकाळी मी होतो.

बस सिग्नलला थांबली, पुढच्या ट्रकच्या इंजिनाची ऊब खिडकीतून तोंडावर आली, आणि मला ते तेवीस कुठून आलं ते आठवलं. आठवलं म्हणजे ते कुठे गेलंच नव्हतं. मी त्याच्यावर बसून होतो. बारा दिवसांपूर्वीची दुपार. कँटीन बंद व्हायला दहा मिनिटं होती आणि मी जिना उतरत होतो. मामा वर येत होते. ते भिंतीला चिकटून उभे राहिले, मला वाट द्यायला, आणि म्हणाले, “साहेब, हल्ली शेवटी गरम करताना जरा उसळतंय. पूर्वी असं नव्हतं.” अक्षरशः हे शब्द. एकतीस वर्षं त्या पातेल्यांबरोबर काढलेला माणूस मला सांगत होता की आत पाहुणे उपाशी बसतात. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाने हे वाक्य ऐकून ताडकन सांगितलं असतं, साठतंय सर, थांबवा, तापमान वाढवा. आणि मी, न थांबता, दोन पायऱ्या खाली जाऊन, मागे वळूनही न बघता म्हणालो, “मग अजून दोन कमी करा.” ते “बरं” म्हणाले. मी कँटीनमध्ये वेळेत पोचलो. मिळालं मला जेवायला. “अरे देवा,” मी बसमध्ये मोठ्याने म्हणालो. आजी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

म्हणजे मधल्या माणसांनी जे केलं ते केलं, पण पहिले दोन माझे आणि शेवटचे दोन माझे. हे फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि मामांना. आणि मामा काही बोलले नव्हते. काल अँब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं, तेव्हा मला वाटलं होतं ते वेदनेने बघताहेत. आता वाटायला लागलं की ते वेगळंच काही होतं. ते सगळं ओळखून असतील. उद्या कुणी विचारलं तर सांगतील, आणि सांगितलं तर बरोबरच आहे. की नाही सांगणार? माझी सही झालेला अहवाल एकदा वर गेला की मग मामा काय, कुणीही काय बोललं, तरी ते नोकरी गेलेल्या माणसाचं रडगाणं. पिशवीतला तो कागद मला मांडीला लागत होता. मला शिसारी आली. कागदाची नाही. हे सगळं मी किती पटकन आणि किती व्यवस्थित जुळवलं, त्याची. हॉस्पिटलचा थांबा आला तरी मी बसून राहिलो, आणि कंडक्टर “उतरायचंय ना तुम्हाला?” म्हणाला म्हणून उतरलो.

तिसऱ्या मजल्यावर सहा खाटांची खोली होती. मामांची खाट खिडकीजवळ. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून उशांवर ठेवले होते, दुसऱ्या कुणाचे तरी आणून ठेवल्यासारखे. मामी बाजूच्या स्टुलावर बसून त्यांना चमच्याने पाणी पाजत होत्या. मामींनी आयुष्यभर पोस्टात पत्ते वाचून पत्रं लावायचं काम केलं. एकदा कारखान्याच्या समारंभात भेटल्या तेव्हा माझी लफ्फेदार सही बघून म्हणाल्या होत्या, हे पत्र आमच्याकडे आलं असतं तर परत गेलं असतं. मला बघून मामा उठायला धडपडले. “अहो, पडून राहा,” मी ओरडलोच. “बसा, साहेब. हिला सांगतो स्टूल द्यायला.” “राहू दे.” “काही नाही हो, बोटं राहतील म्हणालेत डॉक्टर. दोनचं नक्की सांगत नाहीत. बटण दाबलं ना, साहेब, पण उघडेना. मग खाली गेलो. साडेसहा फेरे बसतात त्या चाकाला. मोजले मी.” ते सांगताना त्यांच्या पट्ट्यांतला उजवा हात जरासा वळला. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला, आणि अपराध्यासारखं विचारलं, “साहेब, खरं सांगा. मी अजून दोन कमी ठेवायला हवं होतं का?”

मला वाटलं होतं ते मला दोष देतील, किंवा मोठ्या मनाने देणार नाहीत. दोन्हींची तयारी मी जिन्यात करून आलो होतो. याची नव्हती. मी खाटेचा कठडा धरला. “कालपासून तेच डोक्यात आहे,” मामा म्हणाले. “तुम्ही त्या दिवशी जिन्यात सांगितलंत, मी तेवीस केलं. पण काल सकाळी एकदा मनात आलं होतं, एकवीस करावं म्हणून. केलं नाही. आळस केला. केलं असतं तर वाचलं असतं ना सगळं?” “नाही, मामा,” मी म्हणालो.  “एकवीस केलं असतं तर झाकण उडालं असतं. पस्तीस ठेवायला हवं होतं. छापलेलं. थंड ठेवलं म्हणूनच झालं. थेंब संपत नव्हते, साठत होते. तुम्ही मला सांगितलंत उसळतंय म्हणून, तेव्हाच मी थांबवायला पाहिजे होतं. मी उलटं सांगितलं. चूक माझी आहे. सुरुवातीपासून माझी.” मामा चक्क हसले. “काहीतरीच काय, साहेब! थंडीने कुठं आग लागते का? तुम्ही घाबरलात. हॉस्पिटलात आलं की होतं असं.” “मामा, मी वर्गात शिकवायचो ना? तुम्ही म्हणून दाखवलं होतंत, थंड म्हणजे सुरक्षित नव्हे.” “ते होय? ते परीक्षेपुरतं असतं, असं वाटायचं मला,” मामा म्हणाले. “कामावर आपलं तुम्ही सांगाल ते.”

मामी चमचा हातात धरून ऐकत होत्या. आता त्यांनी तो वाटीत ठेवला. “थांबा जरा,” त्या मला म्हणाल्या. “मला त्यातलं कळत नाही. पण मला एवढं सांगा. यांनी तुमचं ऐकलं नसतं, तर काय झालं असतं?” मी म्हणालो, “काही झालं नसतं.” “हात?” “हात धड असते.”  शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला आणि थांबला. मी पिशवीतून तो अहवाल काढला आणि त्यांच्या हातात दिला. तो का दिला, आधी ठरवलं होतं का, मला सांगता येणार नाही. इतकंच, की तो आता माझ्याजवळ ठेवणं मला शक्य नव्हतं. त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत, सावकाश वाचला. “स्वतःच्या मर्जीने,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “हा माणूस! हा माणूस एकतीस वर्षांत घरात स्वतःच्या मर्जीने पंखा लावत नाही. मला विचारतो, लावू का.” “अगं, असू दे,” मामा म्हणाले. “खाली जागा आहे,” मामी मला म्हणाल्या आणि कागद खाटेच्या टोकाशी ठेवला. “लिहा.”

मी छापील वाक्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘तापमान कमी ठेवण्याबाबत वरून तोंडी सूचना होती.’ हात सराईत होता, वाक्य पटकन आलं. मामींनी वाचलं. “वरून म्हणजे? वरच्या मजल्यावरून?”  “पाठवणाऱ्याचं नाव नसलेली पत्रं फार बघितलीत मी, साहेब. लोक शिव्या लिहितात आणि नाव घालत नाहीत. कुणी सांगितलं ते लिहा.” मी पेनाचं टोक पुन्हा कागदाला टेकवलं. चोपन्न वर्षांचा माणूस, घरी बायको, दारावर नावाची पाटी, हाताखाली चाळीस लोक. उद्या ही सगळी चळत पडणार हे मला दिसत होतं, आणि मला भीती वाटत होती, विलक्षण भीती वाटत होती, पोरीला टबात ठेवताना वाटली होती तितकीच. मी ते वाक्यही खोडलं. त्याखाली लिहिलं, ‘दोन अंश कमी ठेवा असं मी सांगितलं. पाच महिन्यांपूर्वी पहिल्यांदा, आणि बारा दिवसांपूर्वी जिन्यात पुन्हा. उसळी येत असल्याचं मामांनी मला कळवलं होतं, तरीही.’ आणि खाली सही केली. सही लफ्फेदार आली नाही. नाव सुटं सुटं, वाचता येईल असं आलं. मामींनी फोन काढून त्या पानाचा फोटो घेतला, नीट आला का ते बघितलं आणि पान मला परत दिलं. “हे तुमच्या साहेबांना नेऊन द्या. आजच.” मी हो म्हणालो.

मामा हे सगळं पडल्या पडल्या बघत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, कठीण हिशेब सोडवत असल्यासारख्या. “म्हणजे खरंच थंडीने झालं?” त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, “खरंच.”  मामा मान हलवून म्हणाले, “मला नाही पटत. पण साहेब म्हणताहेत, तर असेल तसंच.”

मामींनी वाटीतला चमचा पुन्हा उचलला, भरला, त्यांच्या तोंडाशी नेला, आणि तो तसाच धरून माझ्याकडे वळून बघितलं.

“बघितलंत?” त्या म्हणाल्या. “अजूनही तुमचंच ऐकताहेत.”